कडी म्हणजे कुलूप नव्हे

कुलूपकाकांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकला असून उजव्यातला पिकण्याच्या मार्गावर आहे, सबब शस्त्रक्रिया तातडीने करणे इष्ट आहे, असं सरकारी नेत्रचिकित्सालयानं त्यांना लेखी कळवलं. पत्र अतिशय बारीक अक्षरात छापलेलं होतं. ते काकूंनी वाचून दाखवलं.

तारीखही ठरली होती. चौदा महिने रांगेत काढल्यावर नंबर लागला होता. आता ती तारीख फक्त 'स्वीकारायची' होती. रुग्णानं स्वतः चिकित्सालयाच्या संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात शिरायचं आणि 'स्वीकार' या शब्दावर बोट ठेवायचं, तेही पत्राच्या दिनांकापासून सात दिवसांच्या आत. न स्वीकारल्यास रुग्ण 'दृष्टीबाबत उदासीन' आहे असं समजून त्याला पुन्हा रांगेच्या शेपटाला पाठवण्यात येणार होतं. पत्र टपालानं आल्यामुळे सातातले पाच दिवस वाटेतच खर्ची पडले होते. तरी ते आलं हेच नशीब. टपालपेटीला अजून पासवर्ड बसवलेला नाही.

कुलूपकाकांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची वेळ कधी कुणावर आली नाही. चाळीस वर्षं त्या पाच फुटी दुकानात बसून त्यांनी सगळ्या गावाची कुलपं उघडली होती. हट्टी तिजोऱ्या त्यांच्या हाताखाली मऊ होत. धंद्याचा नियम एकच, वडिलांनी घालून दिलेला. कुलपाला हात लावण्याआधी मालकाला विचारायचं, "आत काय आहे?" तो सांगेल ते ऐकायचं. उघडल्यावर तेच निघालं, तर बाजूला व्हायचं आणि जे दिसलं ते तिथल्या तिथे विसरून जायचं. जो सांगताना अडखळला त्याचं कुलूप काकांनी कधी उघडलं नाही, मग तो फौजदार असो की कुणाचा जावई.

पण हल्ली सगळं धूसर झालं होतं. मागच्या महिन्यात त्यांनी किल्लीवर चालवायची कानस अंगठ्यावर चालवली. त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक परत आलं आणि म्हणालं, "काका, तुम्ही दिलेल्या किल्लीनं माझं दार उघडत नाही. शेजाऱ्यांचं उघडतं." काका त्या रात्री जेवले नाहीत. काकूंना धास्ती वेगळीच होती. रस्ता ओलांडताना काका उभ्या गाडीला वाट देत आणि धावत्या गाडीसमोरून खुशाल चालू लागत.

"डोळे गेले की दुकान गेलं बघ," काका म्हणत.

"डोळे गेले की तुम्ही जाल," काकू म्हणत, "दुकानाचं काय घेऊन बसलात!"

थोडक्यात, ती तारीख हवीच होती, आणि हातात दोन दिवस होते.

खातं दीड वर्षापूर्वी सुनेनं उघडून दिलं होतं. ती आता नोकरीसाठी दूरच्या शहरात होती. फोनवर म्हणाली, "बाबा, पासवर्ड मी कागदावर लिहून तुमच्या हातात दिला होता. तुम्हीच म्हणालात ना, ठेवायला माझ्याकडे कुलपांची काय कमी?" काकांनी तीन कुलपांची पेटी काढली, डोळे मिटून ती तिन्ही उघडली आणि कागद काकूंच्या हातात दिला. काकूंनी एकेक अक्षर वाचलं, काकांनी एकेक अक्षर दाबलं. फोनवर उत्तर आलं: 'आपण भरलेला पासवर्ड अचूक आहे. तथापि त्याची मुदत संपली आहे.'

"अचूक आहे तर उघड की मेल्या!" काकू फोनला म्हणाल्या.

मेला उघडला नाही. त्यानं नवा पासवर्ड मागितला आणि सोबत नियमावली दिली. पासवर्ड चौदा अक्षरांहून लहान नसावा. त्यात आकडा असावा, चिन्ह असावं, पण अर्थ नसावा. त्यात स्वतःचं, आप्तांचं किंवा पाळीव प्राण्याचं नाव नसावं. तो कुणाला सुचण्याजोगा नसावा, रुग्णालाही नाही. तो कुठेही लिहून ठेवू नये, कुणालाही सांगू नये आणि कोणत्याही परिस्थितीत विसरू नये.

काका विचारात पडले. "किल्लीचा गुण काय? मालकाला चालावी, चोराला चालू नये. ही तर दोघांनाही चालायची नाही."

काकूंनी डोळे मिटून बोटाला येईल ते दाबलं. त्यावर उत्तर आलं: 'हा पासवर्ड अन्य एका रुग्णाने आधीच घेतलेला आहे.' तो रुग्ण कोण हेही खाली दिलं होतं. काकूंनी दुसऱ्यांदा डोळे मिटले आणि बोटं जरा रागानं आपटली, तेव्हा तो मान्य झाला. काकूंना तो आठवेना, म्हणजे तो नियमाप्रमाणे उत्तम होता.

एवढ्यात फोननं शिट्टी मारली. 'चौकटीत दोन चेहरे आढळले. खाते रुग्णाने स्वतः हाताळणे बंधनकारक आहे. कृपया अनावश्यक चेहरा दूर करावा.'

"चाळीस वर्षं संसार केला," काकू उठत म्हणाल्या, "एवढं एक ऐकायचं राहिलं होतं."

काकू फोनच्या कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेतानं दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. आता शेवटची पायरी होती. आपण यंत्र नसून मनुष्य आहोत, हे रुग्णानं सिद्ध करायचं होतं. पडद्यावर नऊ चित्रं आली आणि वर सूचना: 'ज्या चौकोनांत कुलूप दिसते ते सर्व चौकोन निवडा.'

काकांचा चेहरा उजळला. सरकारला एवढ्या वर्षांनी का होईना, विचारायचा प्रश्न आणि विचारायचा माणूस यांची गाठ घालता आली होती. त्यांनी दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं, फोन नाकाशी धरला आणि नऊही चित्रं सावकाश तपासली. चार ठिकाणी कुलूप होतं. एक पितळी, एक आकड्यांचं, एक सायकलचं आणि एक गंजलेलं, ज्याची कीव आली. पाचव्या ठिकाणी दाराची कडी होती. नुसती कडी आणि कोयंडा, त्यात कुलूप नव्हतं. काकांनी चारांवर बोट ठेवलं.

'उत्तर चुकले. आपण मनुष्य असल्याचे सिद्ध होत नाही.'

"कडी राहिली वाटतं," काकू दारातून म्हणाल्या. काका एकेक चित्र मोठ्यानं मोजत होते, ते त्यांनी ऐकलं होतं.

"कडी म्हणजे कुलूप नव्हे," काका शांतपणे म्हणाले. "कडी लोटली तर वाऱ्यानंही उघडते. हे सांगण्यात माझी हयात गेली."

दुसऱ्यांदा वेगळी चित्रं आली. त्यात तीन कुलपं आणि एक अडसर होता. काकांनी तिन्हींवर बोट ठेवलं. तिसऱ्यांदा पुन्हा कडी आली, या वेळी चांगली रंगवलेली. काकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा पडदा लाल झाला: 'सलग तीन प्रयत्नांत मनुष्यत्व सिद्ध न झाल्याने आपले खाते कुलूपबंद करण्यात येत आहे.'

काकांनी फोन उलटा केला, कडेनं अंगठा फिरवला, मागून चाचपून पाहिला. "कुलूप घातलं म्हणतंय," ते म्हणाले, "आणि भोक कुठेच नाही."

दुसरा दिवस, गुरुवार, शेवटचा; मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. काका-काकू सकाळीच चिकित्सालयाच्या कचेरीत हजर झाले. तळमजल्यावर मदतकक्ष होता. काचेमागच्या बाईंपुढे 'आम्ही आपल्या सेवेत आहोत' अशी पाटी होती, आणि तिच्यापुढे दोरी बांधलेली होती.

"टोकन?" बाईंनी विचारलं.

"ते कुठे मिळतं?"

"तुमच्या खात्यात. आत शिरलात की उजव्या हाताला."

"आत शिरता येत नाही म्हणून तर आलोय!" काकू म्हणाल्या.

"बरोबर आहे. म्हणूनच हा कक्ष आहे," बाई म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारायला मान वळवली. मागे कुणी नव्हतं. टोकन कुणालाच मिळालेलं नव्हतं.

काकांनी काचेशी तोंड नेलं. "बाई, मी माणूस आहे हो."

बाईंनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगठ्याला पट्टी, हातात भिंग, डोळ्यांवर पांढुरकी साय. त्यांचा आवाज जरा खाली आला. "काका, मला दिसतंय. पण माझ्या दिसण्यावर काही नसतं. सिस्टीमला दिसलं पाहिजे. खातं उघडायचा अधिकार तिसऱ्या मजल्यावर, संरक्षित प्रवेश अधिकाऱ्यांना आहे. त्यांना भेटा. मी पाठवलं म्हणून सांगू नका."

तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना काकूंनी हात धरून चढवला. पण खाली अर्ज, अर्जासाठी ओळखपत्र, ओळखपत्राची प्रत आणि प्रतीवर सही असं करता करता वर पोहोचेस्तोवर चार वाजून गेले होते. वर लांबलचक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला एक लोखंडी दार. दारावर आकडे दाबायची पट्टी होती. दाराबाहेर स्टुलावर एक गृहस्थ बसले होते. गळ्यात ओळखपत्र, मांडीवर रिकामा डबा. दुपारचं जेवण त्यांनी तिथेच उरकलेलं दिसत होतं.

"संरक्षित प्रवेश अधिकारी कुठे भेटतील?" काकूंनी विचारलं.

"मीच," गृहस्थ म्हणाले.

"मग आत बसा ना. आमचं तातडीचं काम आहे."

अधिकाऱ्यांनी बोळाच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि आवाज बारीक केला. या दाराचा क्रमांक सुरक्षेसाठी दर गुरुवारी आपोआप बदलत असे. नवा क्रमांक अधिकाऱ्यांच्या कार्यालयीन फोनवर येई. कार्यालयीन फोन सुरक्षेसाठी खोलीबाहेर न्यायची मनाई होती. म्हणून तो टेबलावर होता, टेबल आत होतं आणि अधिकारी सकाळी नऊपासून बाहेर होते.

"आणीबाणीची किल्ली असेल की," काका म्हणाले.

"आहे ना. खणात, आत."

"हे कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"गेल्याच गुरुवारी आलं. क्रमांक बदलला तेव्हा मी सुदैवानं आत होतो. लगेच सविस्तर अहवाल लिहिला." अधिकाऱ्यांनी बंद दाराकडे बोट केलं. "तोही आत आहे."

काका दारापाशी गेले. डोळ्यांचा उपयोग नव्हता, म्हणून ते मिटूनच घेतले. आकड्यांच्या पट्टीखाली, टोपणाआड, बोटाला एक भोक लागलं. चाळीस वर्षांची ओळख होती. काकांना काल दुपारपासून पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांनी खिशातून दोन तारा काढल्या, आणि मग थांबले.

"आत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"मालकाला विचारल्याशिवाय मी उघडत नाही. काय आहे आत?"

"टेबल, खुर्ची, कपाट..."

"ते सगळ्यांच्याच खोलीत असतं. मालकालाच ठाऊक असेल असं सांगा. डावीकडचा खण, सगळ्यात खालचा. त्यात तळाशी काय आहे?"

अधिकारी ताडकन उठले. "ती माहिती गोपनीय आहे!"

"मग बसा स्टुलावर," काका म्हणाले आणि तारा खिशात ठेवू लागले.

"अहो, पाच वाजता तारीख जातेय आपली!" काकू कळवळून म्हणाल्या. "उघडा ना! गळ्यात ओळखपत्र आहे त्यांच्या!"

"ओळखपत्र मला दिसत नाही. दिसलं असतं तरी विचारलंच असतं."

घड्याळ साडेचारच्या पुढे गेलं. अधिकाऱ्यांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग पिवळा. शेवटी त्यांनी वाकून काकांच्या कानात दोन वाक्यं सांगितली. काकांनी मान डोलावली, तारा भोकात घातल्या, आतला आवाज ऐकला आणि दार उघडलं. पाणी प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

नियमाप्रमाणे खात्री करायची होती. काकांनी खालचा खण ओढला आणि तळाशी हात घातला. जुन्या गणवेशाखाली शाळकरी वही होती, मुखपृष्ठावर सशाचं चित्र असलेली. त्या वहीत संपूर्ण चिकित्सालयाचे, सर्व विभागांचे, अधिकाऱ्यांचे स्वतःचे आणि त्यांच्या मेहुण्याचे पासवर्ड तारीखवार लिहिलेले होते. वर भिंतीवर चौकटीत घातलेली सूचना होती: 'पासवर्ड कोठेही लिहून ठेवणे हा दंडनीय प्रमाद आहे.' खाली अधिकाऱ्यांचीच सही होती.

"वही," काका म्हणाले. "बरोबर. तुमचीच खोली." आणि त्यांनी ती वही तिथल्या तिथे विसरून टाकली. काकूंना असा कुठला नियम नव्हता, पण पाच वाजायला अवघी बारा मिनिटं होती, म्हणून त्या गप्प राहिल्या.

अधिकारी आता आत आले होते, त्यामुळे त्यांना त्यांचा आवाजही परत मिळाला होता. "नियमानुसार अर्ज तीन दिवस आधी यायला हवा होता," त्यांनी सुरुवात केली.

"नियमानुसार मी दार पुन्हा लावू शकतो," काका म्हणाले. "तुम्ही बाहेर या आधी."

अधिकाऱ्यांनी निमूटपणे वही उघडली, तिच्यात पाहून आपला पासवर्ड भरला आणि काकांचं खातं कुलूपमुक्त केलं. कालचा पासवर्ड कुणाला आठवेना आणि काकांना नवा सुचेना, तेव्हा अधिकारी उदार होऊन म्हणाले, "हा माझा मागच्या वर्षीचा घ्या. फार चांगला होता."

पुन्हा काकांचा चेहरा चौकटीत आला, काकू भिंतीला लागून उभ्या राहिल्या, आणि पुन्हा नऊ चित्रं आली. काकांनी भिंग लावलं. पाच कुलपं. कोपऱ्यात कडी.

काकांनी पाचांवर बोट ठेवलं आणि ते थांबले.

"अहो," काकू भिंतीजवळून हळूच म्हणाल्या, "कडीवरही ठेवा."

"ते कुलूप नाही."

"मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं तुमच्याच तोंडून ऐकलंय. पण त्याला ठाऊक नाही ना! तुम्हांला काय हवंय, खरं ठरायचंय की रोज संध्याकाळी माझ्याकडे धडधाकट परत यायचंय?" बोलता बोलता त्या कॅमेऱ्याच्या कडेपर्यंत सरकल्या. "ठेवा बोट. माझ्यासाठी ठेवा."

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी कुलूपकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा कडीला कुलूप म्हटलं. अंगठा कानशीखाली आला तेव्हाही इतकं दुखलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि नेमक्या त्याच क्षणी पडदा हिरवा झाला: 'अभिनंदन. आपण मनुष्य आहात.'

काकूंनी डोळे पुसले. काकांनी 'स्वीकार' शोधायला बोट पुढे केलं. पण 'स्वीकार' नव्हतंच. त्याच्या जागी मजकूर होता, तो अधिकाऱ्यांनी मोठ्यानं वाचला:

'आपण बारीक चित्रांमधील सर्व वस्तू अचूक ओळखल्या. यावरून आपली दृष्टी समाधानकारक असल्याचे निष्पन्न होते. सबब आपली शस्त्रक्रियेची तारीख अधिक गरजू रुग्णास देण्यात येत आहे. सहकार्याबद्दल आभार.'

काकांनी भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे," काकू एकेक शब्द मोजत म्हणाल्या, "चित्रं ओळखली तर डोळे चांगले, म्हणून ऑपरेशन नाही. आणि नाही ओळखली तर तो माणूस नाही, म्हणून ऑपरेशन नाही."

"अगदी बरोबर पकडलंत," अधिकारी कौतुकानं म्हणाले. "याला आमच्याकडे द्विस्तरीय सुरक्षा म्हणतात. दोन वर्षांत एकही अनधिकृत रुग्ण आत शिरलेला नाही."

"आणि अधिकृत?"

अधिकाऱ्यांनी वही चाळली. तसा रकाना तिच्यात नव्हता.

काका उठले. भिंग खिशात टाकलं, काकूंचा हात धरला आणि दारातून जाताना थांबून ते लोटून घेतलं. बाहेरच्या बाजूला एक कडी होती. ती त्यांनी हातानं चाचपली आणि अलगद लावली. आतून अधिकाऱ्यांची हाक आली, पण काका जिना उतरू लागले होते. लावली होती ती कडीच, कुलूप नव्हे. अधिकाऱ्यांना फरक समजायला हरकत नव्हती.

काकांचं नाव आता पुन्हा रांगेच्या शेपटाला आहे, चौदा महिन्यांवर. डावा डोळा पूर्ण गेला, उजव्याला उजेड तेवढा कळतो. काकू रोज सकाळी त्यांना हाताला धरून दुकानात आणून सोडतात आणि संध्याकाळी न्यायला येतात. किल्ल्या ते आता बोटांनी पारखतात आणि चुकत नाहीत. "आत काय आहे?" हे विचारणं मात्र सोडलेलं नाही. हल्ली जो येतो तो आधी इकडेतिकडे बघतो आणि मग कानात एकच सांगतो: पासवर्डांची वही. काका ऐकतात, उघडतात आणि विसरतात.

आता तुम्ही हसलात, ठीक आहे. हसण्यासारखंच आहे. पण परवा तुमच्या पडद्यावर ती नऊ चित्रं आली होती, आणि एक चौकोन असा होता की त्यात ती वस्तू नाही हे तुम्हांला पक्कं ठाऊक होतं. काम अडलं होतं, घड्याळ पळत होतं, आणि तुम्ही घटकाभरही न थांबता त्याच्यावर बोट ठेवलंत. काकांना निदान लाज वाटली होती.

काळजी करू नका. तुम्ही मनुष्यच आहात. तसं सिद्ध झालेलं आहे.